पुरी, कोणार्क, चिल्का: नागपुरातील एका सहल-नियोजन सेवेचा अनुभव

आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी, २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओडिशाच्या किनाऱ्यावर पुरी, कोणार्क, चिल्का, भुवनेश्वर आणि कटक असा प्रवास करून आलो. या प्रवासाची आखणी आम्ही धरमपेठेतील एका छोट्या सहल-नियोजन सेवेकडून करून घेतली होती. ही संस्था बसभर माणसे गोळा करून नेणाऱ्या यात्रा कंपन्यांसारखी नाही. घरातल्या माणसांची चौकशी करून त्यांच्यापुरती दिवसवार आखणी करणे, निवास आणि वाहन ठरवून देणे आणि प्रवासात अडचण आली तर फोनवर उपलब्ध राहणे, एवढेच ती करते आणि त्यासाठी आमच्याकडून तिने ४,८०० रुपये घेतले. मला सांगायच्या काही गोष्टी तक्रारीच्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव देत नाही. मात्र अशी सेवा घ्यावी का आणि घेताना काय तपासावे, याचा विचार करणाऱ्या नागपूरकरांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

पहिल्या भेटीतच मला एक गोष्ट आवडली. संस्था चालवणाऱ्या बाईंनी ‘किती ठिकाणे पाहायची आहेत’ असे विचारलेच नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी झाली, घरात कोणाचे उपवास किंवा व्रत असते का हे विचारले गेले, कोणाला पहाटे उठणे जमते आणि कोणाला जमत नाही हे लिहून घेतले गेले. आम्ही दिवाळीच्या सुटीत जायचे ठरवून गेलो होतो. त्यावर त्या म्हणाल्या, “ताई, दिवाळीत नका जाऊ. आजींना गर्दी सोसायची नाही. डिसेंबर धरा.”

त्यांनी दिलेली कारणे पटण्यासारखी होती. आपला कार्तिक पाडव्याला सुरू होतो. ओडिशात मात्र महिना पौर्णिमेला संपत असल्यामुळे तिथला कार्तिक कोजागरी होताच लागतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला पूर्ण होतो, म्हणजे आपली दिवाळीची सगळी सुटी त्यांच्या कार्तिकातच येते. हा महिना तिथे फार पवित्र मानतात, अनेक घरांत मासळी-मटण पूर्ण वर्ज्य असते आणि व्रतस्थ स्त्रिया मोठ्या संख्येने पुरीत येऊन राहतात. ज्यांना तो सोहळाच पाहायचा आहे त्यांनी अवश्य तेव्हाच जावे, कारण कार्तिक पौर्णिमेला पहाटे नदी-तळ्यांत केळीच्या सोपट्याच्या आणि कागदाच्या छोट्या होड्या दिवे लावून सोडतात, आणि बाली, जावा, सुमात्रा या बेटांकडे निघणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांची आठवण म्हणून कटकमध्ये महानदीच्या काठी बालीयात्रेची मोठी जत्रा त्याच दिवशी सुरू होते. पण वयस्क माणसाला घेऊन निवांत दर्शन हवे असेल तर तो काळ टाळावा. दुसरे कारण वादळांचे होते. १९९९ चे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबरला आले होते आणि २०१३ चे फायलिन १२ ऑक्टोबरला. डिसेंबरमध्ये ही धास्ती बरीच कमी असते, चिल्का सरोवरावर पक्षी उतरलेले असतात आणि १ ते ५ डिसेंबर या काळात कोणार्क नृत्यमहोत्सव असतो. एवढे सगळे एका आठवड्यात बसवून देणे हे मला नियोजनाचे खरे काम वाटते. आम्ही स्वतः आखणी केली असती तर दिवाळीचीच तिकिटे काढली असती, हे मान्य करायला हवे.

रेल्वेबद्दल थोडक्यात सांगते. रायपूरमार्गे पुरीला जाणाऱ्या थेट गाड्या नागपूरवरून आहेत, पण त्या सगळ्या रोजच्या नाहीत. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, म्हणून संस्थेने आम्हाला तारीख कळवून ठेवली होती आणि तिकिटे आमची आम्हीच काढली. सासूबाईंना खालचा बर्थ मिळाला. जेवण घरून नेले होते.

आमच्या हाती चौदा पानांची छापील पुस्तिका देण्यात आली होती. तिच्यातील पुरीचे पान हे या सेवेचे सर्वांत चांगले काम आहे. जगन्नाथ मंदिरात मोबाइल आणि चामड्याच्या वस्तू चालत नाहीत, म्हणून त्या बाहेरच्या खिडकीवर जमा करत बसण्यापेक्षा खोलीवरच ठेवून या. जानेवारी २०२४ पासून पोशाखाचा नियम आहे, म्हणून मुलीने फाटकी जीन्स किंवा अर्धी पँट घालू नये. मंदिरात केवळ हिंदूंनाच प्रवेश आहे, तेव्हा सोबत अन्यधर्मीय स्नेही असतील तर त्यांना आधीच कल्पना द्या. हे सगळे व्यवस्थित लिहिलेले होते, पण ते इतरत्रही कळले असते. ज्या ओळीने मला संस्थेबद्दल विश्वास वाटला ती ओळ वेगळी होती: ‘सिंहद्वारातून आत गेल्यावर बावीस पायऱ्या आहेत, आजींना मध्ये बाजूला थांबू द्या, मागून गर्दी येत असेल तर ती पुढे जाऊ द्या.’ त्या बावीस पायऱ्यांना तिथे ‘बाईसी पहाचा’ म्हणतात. पहाटेच्या वेळी आम्ही त्या चढलो, सासूबाई दोनदा थांबल्या आणि कोणाचा धक्का लागला नाही. दर्शनानंतर त्या कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत.

त्याच पानावर आणखी एक सूचना होती. आत जाण्यापूर्वी सिंहद्वारासमोरच्या अरुणस्तंभापाशी पाच मिनिटे उभे राहा, असे त्यात म्हटले होते. एका अखंड दगडाचा, सोळा बाजूंचा हा सुमारे तेहतीस फुटी स्तंभ मुळात कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोर होता आणि अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात तो पुरीला आणून उभा करण्यात आला. मराठ्यांच्या अमलात म्हणजे आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या अमलात. १७५१ च्या तहाने ओडिशा रघुजी भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत तिथला कारभार नागपूरच्या सत्तेखाली होता. मी नागपूरच्या महाल भागात वाढले. भोसल्यांच्या वाड्यावरून रोज शाळेत गेले आणि तरीही जगन्नाथाच्या दारातला हा खांब आपल्या गावाच्या इतिहासाशी जोडलेला आहे हे मला ठाऊक नव्हते. हा संबंध सगळा अभिमानाचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण यात्रेकरूंकडून कर घेणारी हीच राजवट होती आणि बंगालमध्ये रघुजींच्या स्वाऱ्यांची आठवण आजही भीतीचीच आहे. पण जगन्नाथाच्या सेवेसाठी मराठ्यांनी केलेली व्यवस्थाही इतिहासात आहे, आणि नागपूरहून जाणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात. पुस्तिकेत पुरी आधी आणि कोणार्क नंतर ठेवण्याचे कारण हेच होते. स्तंभ आधी पाहायचा आणि मग त्याची मूळची जागा.

महाप्रसादाबद्दलची टीपही अचूक होती. मंदिराच्या स्वयंपाकघरात लाकडाच्या चुलीवर मातीची मडकी एकावर एक रचून अन्न शिजवतात, त्यात कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो नसतो, आणि जगन्नाथाला व नंतर विमलादेवीला नैवेद्य दाखवल्यावरच त्याला महाप्रसाद म्हणतात. आनंदबाजारात तो मडक्यांतून विकत मिळतो. आम्ही भात, डालमा म्हणजे भाज्या घातलेली डाळ आणि एक गोड पदार्थ घेऊन तिथेच जमिनीवर बसून जेवलो. शेजारी बसलेल्या कुटुंबाने त्यांच्या मडक्यातली भाजी आमच्या पानावर वाढली, कारण महाप्रसादाला जातपात नाही आणि उष्टेही नाही अशी तिथली रीत आहे. घरी नेण्यासाठी कोरडा खाजा घ्यावा, तो बरेच दिवस टिकतो.

आता तक्रारीची गोष्ट. तिसऱ्या दिवशी पुरीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या सातपाड्याहून चिल्का सरोवरात डॉल्फिन पाहण्याचा कार्यक्रम होता. चिल्का हे आशियातील सर्वांत मोठे खाऱ्या-गोड्या मिश्र पाण्याचे सरोवर आहे, १९८१ मध्ये ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले आणि सातपाड्याच्या बाजूला इरावती जातीचे डॉल्फिन राहतात. एवढी माहिती पुस्तिकेत होती. तिथे प्रत्यक्षात काय चालते, ते मात्र नव्हते. डिझेलच्या इंजिनांच्या डझनभर होड्या पाण्यात होत्या. एक करडी पाठ पाण्यावर दिसली की सगळ्या होड्या त्या दिशेने धावत, पाठ बुडे, आणि पुन्हा शोध सुरू होई. होडी थांबवून इंजिन बंद करा अशी आम्ही विनंती केली, तेव्हा होडीवाल्याने काही मिनिटे ते केले आणि त्याच वेळात आम्हाला दोन डॉल्फिन अगदी शांतपणे वर येऊन श्वास घेताना दिसले. त्या मोजक्या मिनिटांसाठी तीन तास धूर आणि आवाज सोसावा लागला. नंतर एका वाळूच्या बेटावर उतरवण्यात आले. तिथे एक विक्रेता शिंपला फोडून त्यातून ‘आत्ताच निघालेला’ मोती काढून दाखवत होता. माझ्या मुलीने तो घेतलाही असता, पण शेजारच्या बादलीतल्या दुसऱ्या शिंपल्यातूनही तसाच, त्याच मापाचा मोती निघाला. नियोजन करणाऱ्या संस्थेला ही गोष्ट माहीत नसेल असे मला वाटत नाही. माहीत नसेल तर तिने ते ठिकाण स्वतः पाहिलेले नाही, आणि माहीत असूनही सांगितले नसेल तर ते अधिक वाईट. शिवाय पुस्तिकेतला होडीचा दर आणि जेट्टीवरचा दर यांत बराच फरक होता.

चौथा दिवस गुरुवार होता आणि तो रघुराजपूरसाठी राखून ठेवलेला होता. पुस्तिकेत ‘सकाळी सातच्या आत पोहोचा’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. चित्रकारांच्या गावात इतक्या सकाळी कशासाठी जायचे, असे यजमान गाडीत बसल्यावर म्हणत होते. गावात शिरलो आणि कारण कळले. समोरासमोर दोन ओळींत घरे, प्रत्येक भिंतीवर चित्रे, आणि त्या सकाळी प्रत्येक उंबऱ्यापाशी तांदळाच्या पिठीच्या पातळ पाण्याने बोटांनी काढलेली ताजी झोटी होती. भाताच्या लोंब्या, कमळे, आणि दारातून आत जाणारी लक्ष्मीची लहान लहान पावले. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तिथे ‘माणबसा’ची लक्ष्मीपूजा असते. माण म्हणजे धान्य मोजायचे माप. ते नव्या भाताने भरून लक्ष्मी म्हणून पूजेला मांडतात. सासूबाईही मार्गशीर्षाचे गुरुवार गेली पन्नास वर्षे करतात, आणि त्या पहिल्या भेटीत उपवासाची चौकशी कशासाठी झाली होती ते मला तेव्हा उमगले. त्या दिवशी आमचा दुसरा गुरुवार होता आणि, महिना पंधरा दिवस आधी लागत असल्यामुळे, त्यांचा शेवटचा. एका घरातल्या वयस्क बाईंनी सासूबाईंना खुणेनेच आत बोलावले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सासूबाईंनी पूजेपुढे वाकून हळद-कुंकू वाहिले, त्या बाईंनी त्यांच्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला, आणि दोघी एकमेकींच्या साड्यांचे काठ बोटांनी चाचपून पाहत बराच वेळ बसल्या.

पट्टचित्राचे काम आम्ही दुसऱ्या घरात पाहिले. जुन्या सुती कापडाचे दोन थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, त्यावर खडूची भुकटी आणि खळ यांचा लेप देतात आणि वाळल्यावर दगडाने घासून तो गुळगुळीत करतात. चित्रकाराने तो घासलेला तुकडा माझ्या हातात दिला. कापड असे वाटतच नव्हते, एखाद्या जुन्या पोथीच्या पानासारखा कडक आणि थंड स्पर्श होता. पांढरा रंग शंखाचा, काळा काजळीचा, तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, आणि तो धरून ठेवायला कवठाचा डिंक. या कलेचे मूळ मंदिरात आहे. ज्येष्ठातल्या स्नानपौर्णिमेनंतर देव आजारी मानले जातात आणि पंधरा दिवस त्यांचे दर्शन बंद असते, त्या काळात मूर्तींच्या जागी अशा पट्टांचीच पूजा होते. ओडिसी नृत्याचे थोर गुरू केलुचरण महापात्र याच गावचे. गावाच्या तोंडाशी असलेल्या दुकानांत न थांबता आत चालत जा आणि ज्याने चित्र काढले त्याच्याकडूनच घ्या, ही पुस्तिकेतली सूचना फार मोलाची ठरली. आम्ही ताडपत्रावर कोरलेला एक दशावतार घेतला. भाव केला नाही, कारण चित्रकार ते कोरत असताना आम्ही तासभर त्याच्याजवळ बसलो होतो.

शुक्रवारी कोणार्क. सूर्यमंदिर तेराव्या शतकात गंग वंशातील पहिल्या नरसिंहदेवाने बांधले. चोवीस चाकांचा आणि सात घोड्यांचा दगडी रथ असे त्याचे रूप आहे. मुख्य शिखर केव्हाच कोसळले. आज उभा दिसतो तो पुढचा जगमोहन, म्हणजे सभामंडप, आणि तोही पडू नये म्हणून १९०३ मध्ये आतून वाळूने भरून बंद केलेला. अरुणस्तंभाची जागा शोधून आम्ही चौघे तिथे उभे राहिलो. पुरीत पाहिलेला खांब डोळ्यांसमोर होता, त्यामुळे ती मोकळी जागा आम्हाला मोकळी वाटली नाही. संध्याकाळी मंदिराच्या पार्श्वभूमीवर महोत्सवातले ओडिसी पाहिले, त्याची जागाही संस्थेने वेळेवर राखून ठेवली होती. एवढ्या चांगल्या दिवसात एक ढोबळ चूक मात्र राहिली. मंदिराजवळचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि आमच्या पानावर ‘दुपारी २ ते ३.३०, संग्रहालय’ असे स्वच्छ छापलेले होते. कोसळलेल्या भागांतली शिल्पे पाहायची तर तिथेच जावे लागते. गुरुवारचे व्रत लक्षात ठेवणाऱ्या संस्थेने शुक्रवारची सुटी विसरावी याचे मला वाईट वाटले. फोन केला तेव्हा त्यांनी सबब न सांगता चूक मान्य केली आणि त्या दीड तासासाठी चंद्रभागेच्या किनाऱ्यावरचा वाळूशिल्प महोत्सव सुचवला. तो मुलीला फार आवडला.

भुवनेश्वरच्या दिवसाबद्दल फार लिहित नाही. मुक्तेश्वराचे तोरण आणि लिंगराज हे दोन्ही सकाळीच पाहावेत, आणि उदयगिरीची चढण सासूबाईंसाठी ‘ऐच्छिक’ ठेवली होती ते योग्यच होते.

रविवारी पहाटे चिल्काच्या उत्तर काठावरच्या मंगलाजोडीला गेलो आणि सातपाड्याचे सगळे दुःख तिथे भरून निघाले. इथे इंजिनाच्या होड्या नाहीत. लव्हाळ्यांमधून बांबूने ढकलत नेणाऱ्या सपाट होड्या आहेत, आणि त्या चालवणाऱ्यांपैकी कित्येकजण पूर्वी याच पाण्यात पक्ष्यांची शिकार करत. आता तेच त्यांची राखण करतात. आमच्या वाटाड्याने शिकारीच्या काळापासून मिळवलेले ज्ञान आमच्यासमोर ठेवले. कोणता पक्षी किती अंतरावर उडतो हे त्याला ठाऊक असल्यामुळे त्या अंतराच्या हातभर अलीकडेच तो बांबू रोवून होडी थांबवी. तलवार बदके, थापट्या, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या जवळून मी कधीच पाहिल्या नव्हत्या. नवेगाव बांधला हिवाळ्यात जाणाऱ्यांना यातली काही नावे ओळखीची असतील. सासूबाईंसाठी होडीत पाठ टेकायची खुर्ची ठेवायला संस्थेने आधीच सांगून ठेवले होते.

शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीपूर्वी कटकचा बाराबाटी किल्ला पाहायचा, हा आग्रह माझा होता. भोसल्यांचा ओडिशातील कारभार कटकहून चाले. आज तिथे खंदक, एक दरवाजा आणि जुन्या राजवाड्याचा चौथरा एवढेच उरले आहे. पुस्तिकेत त्यासाठी पाऊण तास दिला होता. आम्हाला दोन तास लागले, कारण यजमान आणि मुलगी खंदकाच्या कडेने पूर्ण फेरी मारून आले.

परत आल्यावर मी पुस्तिकेच्या प्रतीत लाल पेनाने खुणा करून ती धरमपेठेत नेऊन दिली. सातपाड्याच्या पानावर मी सविस्तर लिहिले होते. बाईंनी ते समोर बसूनच वाचले, होडीच्या दरातला फरक शुल्कातून परत केला आणि चिल्कासाठी यापुढे केवळ मंगलाजोडीच सुचवू, सातपाडा कोणी मागितलाच तर तिथली परिस्थिती आधी सांगू, असे म्हणाल्या. संग्रहालयांच्या सुट्यांचा तक्ता आता पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आला आहे. फेब्रुवारीत माझ्या बहिणीने त्यांच्याकडूनच आखणी करून घेतली, तेव्हा तो मी स्वतः पाहिला.